राजाची जन्मवेळ

माझे वडील ज्योतिषी आहेत आणि माझी पत्रिका नाही. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की त्यातला विनोद पार झिजून गेलाय. ऐकणारा हसतो, "दिव्याखाली अंधार" म्हणतो, आणि मीही हसते. पण खरं सांगायचं तर मनातून मला कधीच हसू आलेलं नाही.

बाबांनी अर्ध्या शहराच्या पत्रिका केल्या. आमच्या पुढच्या खोलीतल्या लाकडी बाकावर डॉक्टर बसले, वकील बसले, आणि एक मोठे विज्ञानाचे प्राध्यापक, जे नेहमी मागच्या दाराने यायचे. माझ्या मोठ्या भावाची, दादाची, पत्रिका तर हातभर लांब. लाल-हिरव्या शाईतली, गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात घातलेली. माझ्या वेळी मात्र म्हणे दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं. ज्या माणसाचं पोट मिनिटांवर चालतं, त्याला स्वतःच्या मुलीची जन्मवेळ ठाऊक नाही, आणि तीही मनगटावर चालू घड्याळ असताना! लहानपणी मी आईला विचारून विचारून भंडावून सोडायचे. ती म्हणायची, "मला काय विचारतेस? मी तेव्हा कामात होते."

मग मी माझ्यापुरता अर्थ लावून टाकला. मुलगी झाली, म्हणून बघितलं नाही. पुरावे काही कमी नव्हते. दादाला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आई सांगायची, त्याला पाण्याजवळ जाऊ द्यायचे नाहीत. रस्ता ओलांडताना त्याचं मनगट असं धरायचे की बोटांचे वळ उठायचे. आणि मी? मी सहा वर्षांची असताना पोहण्याच्या तलावातल्या सगळ्यांत उंच फळीवरून उडी मारली, तेव्हा बाबा काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आले, तर म्हणाले, "परत एकदा!" माझ्या जागी दादा असता तर आधी तलाव रिकामा करून घेतला असता. आज दादा एकोणपन्नास वर्षांचा आहे, दुसऱ्या शहरात राहतो, आणि त्याला पोहता येत नाही. मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि दर रविवारी तासभर पोहते. घरात कोण लाडकं होतं हे यावरून कळावं, असं मी नवऱ्यालासुद्धा ऐकवत असे. तो बिचारा पत्रिका न बघता मिळालेला, आणि तरी बरा निघालेला.

मी एका वस्तुसंग्रहालयात पाट्या लिहिते. काचेच्या कपाटाखाली चार ओळींचं काहीतरी असतं ना, जे कोणी वाचत नाही, ते मी लिहिते. यंदा आमच्याकडे इजिप्तच्या एका राजाचं प्रदर्शन यायचं होतं. राजा तीन हजार वर्षांपूर्वीचा, पण बिचाऱ्याला नाव नाही. मागून गादीवर आलेल्याने दिसेल त्या दगडावरून त्याचं नाव छिलून काढलेलं. यादीत त्याला नुसता एक आकडा होता. आमच्या मॅडमना प्रदर्शनाच्या शेवटच्या कोपऱ्यात काहीतरी गमतीचं हवं होतं, लोक जिथे थांबतील, फोटो काढतील असं.

"राजाची पत्रिका मांडू," त्या म्हणाल्या. "खाली लिहू की ही आपली एक कल्पना. तुझे वडील आहेतच."

"मॅडम, तो मरून तीन हजार वर्षं झाली."

"मग बरंच आहे. भविष्य चुकलं म्हणून भांडायला येणार नाही."

मला नाही म्हणता आलं असतं. पण बाबांनी दोन वर्षांपूर्वी काम थांबवलं होतं. वय शहात्तर, हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही. एकदा एका गिऱ्हाइकासमोर रेघ वाकडी गेली, आणि त्यांनी टाक धुऊन ठेवून दिला. तेव्हापासून ते खिडकीत बसून रस्ता बघत असत आणि आई त्यांना बघत असे. म्हटलं, मेलेला राजा तरी रेघेला नावं ठेवणार नाही. रविवारी पोहून झाल्यावर ओल्या केसांनी तशीच त्यांच्याकडे गेले.

"पत्रिका करायचीय? कोणाची?"

"एका राजाची. इजिप्तच्या."

"मुली बघतायत का त्याच्यासाठी?"

मी सगळं सांगितलं. एका दगडावर त्याच्या जन्माचा दिवस कोरलेला सापडला होता, अभ्यासकांनी त्यावरून अंदाजाने तारीख काढली होती, आणि त्या तारखेला कोणता ग्रह कुठे होता ते मी संगणकावरून काढून आणलं होतं. प्रामाणिकपणे हेही सांगितलं की त्या काळात तिथल्या लोकांना राशी वगैरे माहीतच नव्हत्या.

"त्यांना नसतील," बाबा म्हणाले. "शनी काय त्यांना विचारून फिरत होता? चष्मा दे."

त्यांनी कोरा कागद घेतला. चौकट आखली, आत तिरप्या रेघा मारून बारा घरं केली. रेघा थरथरल्या, पण ते थांबले नाहीत. मग टाक वर धरून म्हणाले, "वेळ?"

"वेळ माहीत नाही." आणि मला राहवलं नाही. "तिथलंही घड्याळ बंद असणार."

बाबा हसले नाहीत. कागदाकडेच बघत राहिले. "राजा आहे," म्हणाले, "सूर्योदयाची घेऊ. पहिल्या घरात रवी येईल. राजाला शोभून दिसतं." आणि त्यांनी वरच्या ओळीत वेळ लिहिली. मी तेव्हा तिकडे बघितलंही नाही. माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. घरं भरायला लागल्यावर बोटांचं थरथरणं थांबलं होतं.

इथे बाबांची एक रीत सांगायला हवी. त्यांच्या गुरूंनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पत्रिका मांडली की सगळ्यांत आधी आयुष्य बघायचं, कारण आयुष्यच नसेल तर लग्न आणि नोकरी कोणाची सांगायची? आणि बघितलेलं आयुष्य कधी कोणाला सांगायचं नाही. त्यामुळे बाकावरचा माणूस नोकरीचं विचारत असे आणि बाबा आधी गुपचूप त्याचं आठवं घर वाचत असत. मग चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे, आणि म्हणायचे, "हं, विचारा." कितीतरी लोकांची आयुष्यं त्या चष्म्याच्या फडक्यात पुसून गेली असतील.

राजाचंही त्यांनी तेच केलं. आठवं घर बघितलं. चष्मा काढला. पुसता पुसता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघून एखाद्या पोरासारखे हसले.

"अगं, याचं बोलायला हरकत नाही की! अल्पायुषी! वीस ओलांडत नाही!"

जन्मात पहिल्यांदाच बोलायला मिळालेलं. त्यांचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"कोण गेलं?" आईने तिथूनच विचारलं.

"राजा!"

"आपल्यातला कोणी नाही ना?"

मग काय, बाबांना जोर चढला. दुसऱ्या घरात मंगळ, म्हणजे दातांचं दुखणं. मी सांगितलं की खरंच, त्याच्या कवटीच्या एक्स-रेमध्ये किडलेली दाढ दिसली आहे. बाबांनी मांडीवर थाप मारली. घोड्यावर बसण्यात पटाईत, म्हणाले. मी म्हटलं, पाय जन्मापासून वाकडा. "मग रथात बसत असेल," म्हणाले, आणि अजिबात न अडखळता पुढे गेले. आईवर जीव, मामाशी वैर, विश्वासातला माणूस दगा देणार. तासाभरात तो राजा आमच्या घरचाच झाला. शेवटी बाबांनी टाक खाली ठेवला.

"वीस म्हणजे पोरच की गं," ते म्हणाले. "दाढ दुखत असणार रात्रंदिवस. आणि वर नावही पुसलं मेल्यांनी."

मी पाटीसाठी मजकूर उतरवून घ्यायला लागले, तेव्हा वरची ओळ पहिल्यांदा वाचली. जन्मवेळ: सकाळी ६ वाजून २२ मिनिटे ४० सेकंद.

"बाबा, सूर्योदय ठीक आहे. पण हे बावीस मिनिटं चाळीस सेकंद कुठून आले?"

"असंच. काहीतरी लिहायचं म्हणून."

हा माणूस 'असंच' काही लिहीत नाही. वेळ पक्की नसेल तर 'अंदाजे' लिहून खाली दोन रेघा मारतो. सेकंद सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारतो, "तुम्ही स्वतः काटा बघितला होता का?" आणि त्याने हो म्हटलं तरच लिहितो. मी मान वर केली. बाबा चष्मा पुसत होते. वाचायचं काही उरलेलं नव्हतं, तरी पुसत होते.

आई हात पुसत बाहेर आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिने कागद वाचला आणि खुर्ची ओढून बसली.

"सांगून टाका आता," ती बाबांना म्हणाली. "एकेचाळीस वर्षं तुमच्यासाठी खोटं बोलतेय मी. कंटाळा आला मला त्या घड्याळाचा."

बाबांनी चष्मा टेबलावर ठेवला. "हात आपोआप गेला गं," म्हणाले. " पाठ असलेली वेळ ती एकच."

दादा झाला तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने बाराव्या दिवशीच पत्रिका मांडली. रीतीप्रमाणे आधी आयुष्य बघितलं. आठ वर्षं पुरी होईपर्यंत पाण्यापासून जिवाला धोका. कोणाला सांगायची सोय नाही. आईलासुद्धा त्यांनी पुढे सांगितलं.

"आठ वर्षं मी त्याचा बाप नव्हतो, पहारेकरी होतो," बाबा म्हणाले. "तो हसला की मला वाटायचं, हे शेवटचं असलं तर. त्याच्याबरोबर खेळलेलं एकदाही आठवत नाही मला. आणि झालं काय? काही नाही! एकदा बादलीत पाय अडकला, बस. पण ती वर्षं गेली ना. त्याने माझा फक्त धाक बघितला. म्हणून लवकर गेला घरातून."

"आणि मी?"

"तू झालीस तेव्हा त्याच्या आठ वर्षांना महिना कमी होता. दाराबाहेर उभा होतो. एका हातात त्याचं मनगट, दुसऱ्या हातावर घड्याळ. तुझा आवाज आला आणि मी काटा बघितला. सहा, बावीस, चाळीस. घरी आलो, चौकट आखली. पण ग्रह मांडले की आधी आयुष्य बघावं लागतं. मला नाही बघता आलं, ठमे."

ठमी हे माझं घरातलं नाव. ते नाव त्यांनी कितीतरी वर्षांनी घेतलं.

"म्हणजे तुमचा स्वतःचाच विश्वास नाही?"

"विश्वास होता म्हणूनच ना!" ते चिडून म्हणाले. "नसता तर केली असती की आरामात."

आईने कपाटातून ते पत्र्याचं नळकांडं आणलं. दादाच्या लांबलचक पत्रिकेच्या आत गुंडाळलेला एक छोटा कागद निघाला. कडा पिवळ्या पडलेल्या. वर 'चि. ठमी', कारण नाव ठरायचं होतं. खाली तारीख, आणि तीच वेळ, सेकंदासकट. त्याखाली चौकट, सरळसोट तरुण हाताने आखलेली. बाराच्या बारा घरं रिकामी.

मी त्या कागदाकडे बघत बसले. इतकी वर्षं मी ज्याला हेळसांड म्हणत आले, ती ही होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"म्हणून मला त्या फळीवरून उडी मारू दिलीत?"

"मला काही माहीतच नव्हतं ना," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तू वर उभी होतीस, एवढीशी, आणि मी खाली नुसता बघत होतो. पुढे काय होणार ते ठाऊक नाही! इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नाही."

आई उठून आत गेली. तिला डोळे पुसायला स्वयंपाकघरच लागतं.

थोड्या वेळाने बाबांनी तो कागद स्वतःकडे ओढला, टाक उचलला. "आता बघायला हरकत नाही. एकेचाळीस तर झालीच. पाहिजे तर देतो करून, दहा मिनिटांचं काम आहे." टाक धरलेला हात पुन्हा थरथरत होता. राजाच्या वेळी थांबला होता, तो आता थांबत नव्हता.

मी त्यांच्या हातून टाक काढून घेतला.

"नको," म्हटलं. "पुढच्या रविवारी मला पोहायला जायचंय. काठावर उभं राहायला येणार असाल तर बोला. आणि आधी दादाला फोन करा."

"त्याला काय सांगू?"

"हेच सगळं. आणि पोहायला शीक म्हणावं."

दोन आठवड्यांनी शेवटच्या कोपऱ्यात राजाची पत्रिका लागली. बाबांच्या थरथरत्या रेघा तशाच ठेवल्या, मोठ्या करून. लोक त्या इजिप्तच्या समजून फोटो काढतात. पाटी लागण्याआधी मॅडमनी मजकूर वाचला आणि त्यांचं बोट वरच्या ओळीवर थांबलं.

"कल्पना म्हणून ठीक आहे गं. पण हे सेकंद? कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगा, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या घड्याळात बघितले होते," मी म्हटलं. "कागद आहे माझ्याकडे."