मी मारलेली रेघ

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मी वेगळं सांगायला नको. माझ्या पोटावर तशी चिठ्ठीच चिकटवली आहे : 'जुने मशीन. भंगारात काढले आहे. हलवू नये.' भंगारात जायचं आणि हलायचंही नाही, अशी दोन कामं मला एकदम दिली आहेत. गेले चार महिने मी ती मन लावून करतो आहे.

मी झेरॉक्सचं मशीन. माझा जन्म एका कारखान्यात, रांगेत उभ्या असलेल्या चाळीस मशीनांमध्ये झाला. चाळीसही जण हुबेहूब सारखे. त्यामुळे मूळ कोण आणि प्रत कोण, हा विषय आमच्या घराण्यात कुणी काढत नाही. उगाच मनं दुखावतात.

मला एका कॉलेजच्या ऑफिससाठी विकत घेतलं. ऑफिसचं दार माझ्यापेक्षा दोन बोटं अरुंद निघालं. दार मोठं करावं की मशीन लहान करावं, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी मला शेजारच्या वर्गाच्या कोपऱ्यात 'तात्पुरतं' ठेवलं. चौदा वर्षं मी तिथं तात्पुरता आहे.

कामात मी कधी कसूर केली नाही. थंडीत मुलं माझ्यातून निघालेले गरम कागद गालांना लावून उभी राहायची. एकदा प्राचार्य आत डोकावून म्हणाले, "या वर्गात वेळेवर हजर असणारं हे एकटंच." समोर तिथं शिकवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. ते कौतुक मी आजही जपून वापरतो.

त्या वर्गात लेखनाचा तास चाले. मुलं अकरा आणि शिकवायला मॅडम. मॅडमचे नियम ठरलेले होते. पहिला खर्डा हातानं लिहायचा, एका पानात बसवायचा, त्याच्या अकरा प्रती माझ्याकडून काढून घ्यायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या. मग सगळ्यांनी वीस मिनिटं त्यावर बोलायचं. त्या वीस मिनिटांत लिहिणाऱ्यानं मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"पण का, मॅडम?" एका उंच, वाकलेल्या मुलानं विचारलं होतं. त्याला सगळे प्रश्नचिन्ह म्हणत.

"तुझं पुस्तक निघालं की प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन शेजारी बसणार आहेस का समजावून सांगायला?"

"जेवायला घालणार असले तर बसेन."

त्याच वर्षी वर्गात एक मुलगी आली. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती आणि त्या शिक्षणात हा तास सक्तीचा होता. वर्गानं तिचं नाव ठेवलं 'होणाऱ्या बाई'. ती ओढणीला लाल पेन अडकवून यायची. दुसऱ्यांचे खर्डे हाती पडले की ती मान खाली घालून खुणा करत सुटायची. प्रश्नचिन्हानं आपल्या मेलेल्या कुत्र्यावर पान लिहिलं होतं, तेही तिनं तपासून परत दिलं.

"दहापैकी साडेसहा?" तो म्हणाला. "कुत्र्याला की मला?"

"दोघांना मिळून."

"होणाऱ्या बाई, कुत्रा तरी पास करा हो. बिचारा परत बसू शकत नाही परीक्षेला."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पेन खाली ठेव. हे वाचताना तुला काय झालं, तेवढं सांग."

होणाऱ्या बाईंनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी तपासत होते, मॅडम," ती म्हणाली. "वाचायचं राहिलं."

मित्रांनो, तिचं मन वाईट नव्हतं. चूक दिसली की तिचा हात आपोआप चाले, जसा कागद दिसला की माझा दिवा आपोआप लागतो. तो दिवा मला कधी विझवता आला नाही. पण त्या दिवसापासून तिनं लाल पेन ओढणीवरून काढून पिशवीत टाकलं.

मग मॅडमनी विषय दिला : 'मी ज्याला शिकवलं ते माणूस.' होणाऱ्या बाईंनी आत्यावर लिहिलं.

ते पान माझ्यातून गेलं, म्हणून मला ठाऊक आहे. आईवडील नसलेल्या भाचीला आत्यानं वाढवलं. आत्या एका शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करायची. तिला लिहिता येत नव्हतं. शाळेतून आलेली भाची शाळा-शाळा खेळायची आणि विद्यार्थी एकच, आत्या. अस्तराच्या काळ्या कापडावर शिंप्याच्या चपट्या खडूनं आत्या अक्षरं गिरवायची आणि दुकान बंद व्हायच्या आत झटकून टाकायची. गिऱ्हाइकाच्या कोटात मुळाक्षरं जायला नकोत म्हणून. पुढे भाची वसतिगृहात गेली, तेव्हा आत्यानं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. पाच ओळी. भाचीला नुकतंच नवं लाल पेन मिळालं होतं.

या सगळ्यानंतर शेवटाकडे तिनं आधी असं लिहिलं होतं, 'पुढे आत्याला लिहायचा कंटाळा आला असावा.'

त्या दिवशी सकाळी ती वर्गात सगळ्यांच्या आधी आली. माझ्या झाकणावर पान ठेवून उभी राहिली. मग पिशवीतून व्हाइटनर काढून तिनं ते वाक्य पांढरं केलं आणि फुंकर मारून त्याच जागी नवं वाक्य लिहिलं : 'मी तिचं पत्र लाल करून, पुन्हा नीट लिहून पाठव असं सांगून परत पाठवलं; तिनं मला पुन्हा लिहिलं नाही, आणि चूक माझी होती.'

एक फुंकर पुरत नाही, मित्रांनो. व्हाइटनर खाली ओलाच होता.

तिनं पान माझ्या वरच्या फटीत सारलं आणि आकडा दाबला, बारा. अकरा वर्गासाठी आणि एक आत्यासाठी. पत्ता लिहिलेलं पाकीट तिनं आधीच आणलं होतं. लेख हा बहाणा होता. तिला आत्याकडे माफी मागायची होती आणि तोंडानं मागायची हिंमत नव्हती.

पान आत येताना व्हाइटनरचा एक ठिपका माझ्या फटीतल्या काचेवर चिकटला. मी त्या काचेतूनच वाचतो. कागद त्या ठिपक्यावरून सरकत गेला आणि बाराही प्रतींवर नेमकी त्याच उंचीवर एक काळी रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीनं मारावी तशी. ती त्या वाक्यावरून गेली.

मला ते दिसलं. पण मला बोलायला दोनच वाक्यं दिलेली आहेत : 'कागद भरा' आणि 'झाकण बंद करा.' त्यातलं बरं वाटलं ते मी ओरडलो. शिपाईमामा धावत आले.

"भरलाय की रे! डोळे फुटले का?" म्हणत त्यांनी मला एक चापट मारली.

"मामा, एवढं टाकाल पेटीत?" होणाऱ्या बाईंनी वरची प्रत घडी घालून पाकिटात सरकवलीही होती. तिनं ती पाहिलीच नाही. मामा पाकीट घेऊन निघाले.

तास सुरू झाला. प्रती वाटल्या गेल्या. ती गप्प बसली होती आणि नियमाप्रमाणे तिनं गप्पच बसायचं होतं.

"छान आहे," एक मुलगी म्हणाली. "आणि ते शेवटचं वाक्य खोडलंस ते फार बरं केलंस."

होणाऱ्या बाईंनी झटकन शेजारणीच्या पुढ्यातली प्रत पाहिली.

"हो ना," दुसरा म्हणाला. "खडू, अस्तर, मुळाक्षरं, सगळं कसं गोड चाललं होतं. शेवटी एकदम रडारड कशाला?"

"मीसुद्धा खोडलं असतं," प्रश्नचिन्ह म्हणाला. "होणाऱ्या बाई, आज तुम्हाला साडेआठ."

मॅडमनी पान डोळ्यांजवळ धरलं. "आपलं आवडतं वाक्य खोडायला धैर्य लागतं," त्या म्हणाल्या. "शाबास."

त्या वर्गात तिला पहिल्यांदाच शाबासकी मिळत होती. वीस मिनिटं झाली. "आता बोल. काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

मी वाट पाहत होतो. माझा दिवासुद्धा लागलेला होता.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

पुढच्या तासाला प्रश्नचिन्हाच्या पानावरही तशीच रेघ आली आणि मग सगळ्यांना कळलं. "अरे, हे मशीनच खोडतंय! याला वर्गात प्रवेश द्या, फी भरून घ्या." दुरुस्तीवाला आला. त्यानं झाकण उचललं, नखानं ठिपका खरवडला आणि बोटावर घेऊन दाखवला. तिळाएवढा होता.

"ओला व्हाइटनर कुणी घातला होता यात?"

होणाऱ्या बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. आता तर गप्प बसायचा नियमही नव्हता. तरी ती बोलली नाही. आणि मागच्या आठवड्याच्या पानाकडे परत वळून पाहावं, असं कुणाच्याच मनात आलं नाही. सगळे नव्या पानाला लागले होते.

ती मात्र आत्याच्या उत्तराची वाट पाहत राहिली. रोज मामांना विचारायची, "माझं काही आलं?" मामा म्हणायचे, "आलं की उडत आणून देतो, बाई." दुसरं पत्र लिहून 'ती रेघ माझी नाही' एवढं तिला कळवता आलं असतं. पण मग खाली 'चूक माझी होती' हेही परत लिहावं लागलं असतं. सुट्टीत जाईन तेव्हा सांगेन, असं ती स्वतःशी म्हणायची. झाकणावर कोपरं टेकून म्हणायची, म्हणून मला ऐकू यायचं.

सुट्टीला नऊ दिवस असताना आत्या गेली. दुकानात, काजं करता करता.

तीन आठवड्यांनी भाची परत आली. हातात आत्याचा बटणांचा पत्र्याचा डबा होता. तिनं तो माझ्यावर ठेवला तेव्हा आत थोडी बटणं खुळखुळली. त्यांच्याखाली घडी घातलेले कागद होते. कापड बेतायच्या खाकी कागदाचे तुकडे, पेन्सिलीनं लिहिलेले. सहा. सहाही एकाच पत्राचे खर्डे होते, अक्षर दर वेळी थोडं अधिक नीट. एकही पाठवलेला नव्हता.

असले तुकडे वरच्या फटीतून जात नाहीत. तिनं माझं झाकण उघडलं, मोठ्या काचेवर एकेक कागद हळूच पालथा ठेवला आणि कडा बोटांनी सपाट केल्या. त्या काचेवर ठिपका नव्हता. मी सगळं वाचलं. पाचवा खर्डा असा होता :

'बाळ, तुझं पान मिळालं. फार चांगलं लिहिलंस. मी तेवढी चांगली नाही. शेवटाकडचं एक वाक्य कुणीतरी खोडलंय. तुझंही खोडतात हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटून घेऊ नकोस. मी रागावले नव्हते. नीट जमलं की पाठवीन म्हणत होते, ते राहून गेलं. ज्यानं खोडलं त्याला सांग, मला ते वाचता आलं.'

सहावा सगळ्यात सुंदर अक्षरात होता. तो 'वाईट वाटून घे' इथपर्यंतच आला होता.

तासाला तिनं प्रती वाटल्या. "आज माझं नाही," ती म्हणाली. "आत्याचं आहे."

मॅडम सवयीनं म्हणाल्या, "नियम माहीत आहे ना? लिहिणाऱ्यानं..." आणि थांबल्या. त्या वर्गात तो नियम इतका पुरेपूर कधीच पाळला गेला नव्हता.

सगळ्यांनी वाचलं. मग प्रश्नचिन्हानं हळूच विचारलं, "ते वाक्य तू खोडलं नव्हतंस?"

"नाही."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे छान म्हणत होता," ती म्हणाली. "मला सुटल्यासारखं वाटलं."

प्रश्नचिन्हानं मान खाली घातली. एरवी वाकलेलाच असतो, पण हे वेगळं होतं. मॅडमनी जुनं पान शोधून काढलं आणि बराच वेळ पाहिलं. "मी रेघ वाचली," त्या म्हणाल्या. "वाक्य वाचलंच नाही. इतकी वर्षं शिकवतेय मी."

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षं चाललो. होणाऱ्या बाई सरावासाठी एका शाळेत शिकवायला जाऊ लागल्या, आणि मुलांच्या वह्यांची पानं घेऊन माझ्याकडे यायच्या. त्या पानांवर खुणा असायच्या, पेन्सिलीच्या. पण प्रत्येक पानाखाली सगळ्यात आधी दोन शब्द लिहिलेले असायचे : 'मी वाचलं.' मग एक दिवस ती झाली बाई, आणि यायची थांबली.

आता ऑफिसात नवं मशीन आलं आहे. ते दारातून आत गेलं. मी हलत नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. कागद माझ्यासारख्याच्या तोंडात देण्याआधी नीट वाळू द्या. बाहेर आलेल्या प्रती एकदा पाहा. पाकीट बंद करायला तेवढाच उशीर होतो. आणि कुणी तुम्हाला वेड्यावाकड्या अक्षरात पाच ओळी पाठवल्या, तर मिळाल्या म्हणून त्याच दिवशी कळवा. ते माणूस तिकडे डब्यात कागद साठवत असेल. मला तसं सांगता आलं असतं तर मी त्या सकाळीच सांगितलं असतं. पण मी म्हणालो, 'कागद भरा.'