हाजी मितवल्लीची पुरलेली चड्डी

मी एक चड्डी बोलतेय. हसून घ्या आधी, मी थांबते.

खरं तर आता चड्डी म्हणवून घेण्याइतकी मी उरलेलीच नाही. कमरेचं इलॅस्टिक, मागची चिठ्ठी आणि शिवणीचा थोडा दोरा, एवढीच. पण बाकीची मी कुठे गेले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चड्डीला डोळे असतात का, असं विचारणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

जन्म माझा महल्ला या कापडगिरण्यांच्या शहरातल्या एका कारखान्यातला. आमच्या नाईलकाठची कपाशी रेशमाला लाजवणारी. पण ती जहाजात बसून दूरदेशीच्या साहेबांच्या अंगावर जाते. मी कुठल्या मुलखातल्या स्वस्त कपाशीची, ते मला कुणी सांगितलं नाही. शिवणाऱ्या मुलीनं पाठीमागे चिठ्ठी लावली : 'शंभर टक्के सुती'. इलॅस्टिक प्लास्टिकचं, दोरा प्लास्टिकचा आणि ती चिठ्ठीही प्लास्टिकचीच! जन्मल्या जन्मल्या माझ्या पाठीवर थाप चिकटली ती अशी.

मंगळवारच्या बाजारातून रतीबानं आम्हा दोघी बहिणींना एकाच पाकिटातून घरी नेलं. तिचा नवरा हाजी मितवल्ली. माणूस एवढा ऐसपैस, की मला गच्चीवर वाळत घातली की शेजारच्या कोंबड्या सावलीला येऊन बसायच्या. चार वर्षं मी त्याच्या पायघोळ झग्याच्या, गलाबियाच्या आत राहून जग ऐकलं. त्यातलं निम्मं जग म्हणजे त्याची धाकट्या भावाच्या बायकोबद्दलची कुरकुर.

तिचं नाव इन्शिराह. नवरा वारल्यावर दीड फद्दान, म्हणजे साधारण दीड एकर जमीन ती एकटी कसत होती, हाजीच्या बांधाला बांध लागून. तीन वर्षांपासून तिनं विषाची फवारणी सोडली होती. जमीन कधी उघडी ठेवायची नाही, कपाशीच्या आधी बरसीमचा चारा, पऱ्हाट्या न जाळता कुजवायच्या, मधून बदकं सोडायची, असा तिचा कारभार.

"हे शेत आहे की किड्यांची खानावळ?" हाजी गावासमोर म्हणाला. "यंदाची वेचणी झाली की या रानात मी नांगर घालणार. माझ्या भावाची जमीन आहे!"

इन्शिराह गच्चीवर जावेजवळ म्हणाली, "ते शेत गेलं ना रतीबा, की मी या गावात पाहुणी."

त्याच सुमारास शेती खात्याच्या मॅडम येऊन बायकांना सांगून गेल्या : मातीत जीव आहे की नाही बघायचंय? सुती कपडा पुरा आणि दोन महिन्यांनी उकरा. जिवंत माती तो खाऊन टाकते. मेलेली माती जसाच्या तसा परत देते.

सगळ्या बायका हसल्या. रतीबा हसली नाही. ती गच्चीवर गेली आणि तिनं आम्हा दोघींना दोरीवरून उतरवलं.

"हाजींना काय सांगशील?" इन्शिराहनं विचारलं.

"वाऱ्यानं नेल्या म्हणेन."

"एवढ्या मोठ्या? वारा दमेल गं!"

"मग म्हणेन, दोन वारे आले होते."

दुपारी हाजी मुलुखियाची पातळ भाजी आणि भात हाणून घोरायला लागला, तेव्हा माझी बहीण त्याच्याच शेतात पाटाकडेला पुरली गेली आणि मी इन्शिराहच्या सातव्या ओळीत.

आता जे सांगते ते नीट ऐका. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही, लावायला जागाच नव्हती.

आधी वाटलं, संपलं. मग ओल आली. मग कुणीतरी मला हात लावला. पांढरी बुरशी होती ती, माझ्या सुतापेक्षा बारीक तंतूंची. कुठल्या कारखान्यात इतकं तलम सूत निघत असेल? ती मला विणत नव्हती, उसवत होती. पण काय हळुवार! हाजीनं चार वर्षांत एकदाही मला इतक्या प्रेमानं काढलं नव्हतं. मागून गांडुळं आली, आणि त्यांच्यामागून डोळ्यांना न दिसणारे जीव, इतके की एका मुठीत अख्खं कैरो मावावं. कुणी ढकलाढकली केली नाही. वर इन्शिराह पाणी सोडायची आणि खाली घराघरांत चूल पेटल्यासारखी लगबग सुरू व्हायची. मी चार वर्षं एका माणसाला झाकलं आणि त्यातच कृतार्थ होते. या सगळ्यांना तर कुणी कधी पाहिलंही नव्हतं, आणि अख्खं शेत त्यांच्या जिवावर उभं होतं.

एके दिवशी कपाशीचं एक मूळ चाचपडत आलं आणि माझ्या डाव्या पायातून आरपार गेलं. मी थरारले. मीही सुरुवातीला अशीच कुठल्यातरी मातीत होते की! कारखाना, बाजार, दोरी, सगळं मधलं विसरून मी थेट आजोळी पोचले होते.

दोन महिने सरत आले आणि बांधापलीकडून बोंब ऐकू आली. हाजी पाट साफ करत होता, कुदळीला काहीतरी अडकलं. ओढून बघतो तर त्याचीच चड्डी, रतीबानं निळ्या दोऱ्यानं रफू केलेली!

आमच्या गावात अंगावरचा कपडा मातीत सापडला की त्याचा एकच अर्थ.

"करणी!" हाजी ओरडला. "म्हणूनच माझे गुडघे धरलेत!"

"गुडघे वीस वर्षांचे आहेत," रतीबा म्हणाली. "चड्डी चार वर्षांची."

ताईतवाले शेख अबुल-ईला धावत आले. त्यांनी लांबूनच वास घेतला. "सात गाठींची करणी आहे."

"गाठ एकही दिसत नाही, शेखसाहेब," रतीबा म्हणाली.

"न दिसणारी असते तीच पक्की!"

माणसं जमली. आणि मग कुजबुज व्हायला लागली : शेत वाचवायला भावजयीनं थोरल्या दिराला करणीनं बांधलं. आता नांगराचीही गरज नव्हती, गावच तिला हाकलणार होतं.

इन्शिराह पुढे आली. "हाजी, ती मी पुरली. करणी नाही, परीक्षा आहे. दुसरी माझ्या शेतात आहे, उकरा तुमच्या हातानं."

"आणि दिल्या मी," रतीबा म्हणाली.

हाजीनं कुदळ उगारली, पण तिची गरजच पडली नाही. माझ्या मातीत त्याचा हात मनगटापर्यंत लोण्यात जावा तसा गेला. त्यानं ओढलं, आणि वर आले ती अशी : नुसतं इलॅस्टिक, त्याला लोंबणारी चिठ्ठी.

माणसं वाकून बघू लागली.

"बाकीची कुठाय?"

"खाल्ली."

"कुणी?"

इन्शिराहनं मूठभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. "यांनी."

माती हलत होती. शेखसाहेबांनी चपला हातात घेतल्या आणि ते बांधावर जाऊन उभे राहिले.

हाजीच्या एका हातात माझी बहीण होती. अख्खी, धुतली तर शुक्रवारच्या नमाजाला घालावी अशी. दुसऱ्या हातात ती हलणारी माती. तो एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण आवाज एवढासा आला.

"माझ्या मातीला भूक का नाही गं?"

"मरत आलीय," इन्शिराह म्हणाली. "माझीही तशीच होती. विष घालताना मला तरी कुठे कळलं होतं?"

"परत लागते भूक?"

"लागते. मला तीन वर्षं लागली."

हाजी आपल्या शेतात गेला, गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसला आणि बहिणीला परत त्याच खड्ड्यात ठेवून वर माती ओढली, पांघरूण घालावं तशी. मग भावजयीकडे न बघता म्हणाला, "तुझ्या रानात मी नांगर घालायचो नाही. आज चड्डी खाल्ली, उद्या मला खाईल."

लोक हसले. तो हसला नाही.

आता मी इन्शिराहच्या सरकीच्या पोत्याचं तोंड आवळून बसलेय. सातव्या ओळीतली बोंडं यंदा चांगली फुटली. त्यांत माझा डावा पाय आहे, हे मी शपथेवर सांगते. दूरदेशीचा कुणी साहेब त्याचा सदरा घालून मिरवेल. त्याला कुणी काही सांगू नका.

कपडे शिवणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. मातीनं माझ्या घरातल्या सगळ्या सुताला नावानिशी बोलावून नेलं, प्लास्टिकच्या मला तेवढं उंबऱ्यावर ठेवलं. तिचा दोष नाही, माझी चव तिला ठाऊक नाही. मी अजून कितीतरी पिढ्या अशीच राहणार, ताणली जात. पुढच्या चड्डीला सुती नाडी घाला. गाठ मारायला थोडा वेळ लागेल, पण बोलावणं आलं की तिला उठून जाता येईल.