बाराव्या प्रकरणाची फळी

“हिची क्लिप गंजलीय, कागदाला डाग पडतात,” माधवराव माझ्या अगदी कानाशी कुरकुरले. टाकून मात्र दिलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी लिहायची फळी आहे. परीक्षेला तुम्ही जे पॅड नेता, त्याची थोरली बहीण समजा. माधवरावांच्या पत्नी यशोधराबाईंनी मला तळेगावात घेतलं, हजेरीचे कागद लावायला. त्या तेव्हा आंदर मावळातल्या शाळेत शिकवत. एसटी चुकली की पायपीट; दमल्या की दगडावर बसून मला मांडीवर घेत. हजेरी राहिली बाजूला, माझ्या पाठीवर कविताच जास्त झाल्या. पुढे चार कादंबऱ्या आल्या. शाली त्यांच्या खांद्यावर पडल्या, मी घरीच होते. शाल घेऊन मी तरी काय करणार?

बाईंची एक रीत होती. छापायच्या आधी प्रत्येक प्रकरण सावित्राबाईला वाचून दाखवायचं. ही शाळेत खिचडी शिजवायची, अक्षरओळख नाही. तिने जांभई दिली की बाई तिथे काट मारायच्या.

आता पाचवी कादंबरी चालू आहे. तिचं बारावं प्रकरण बाईंनी माझ्यावर चारदा लिहिलं. गोष्टीतली तीच बाई, तोच ओढा, आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्याचा आनंद. माधवराव जास्तीचे कागद गुपचूप कपाटात ठेवतात, “छान झालंय” म्हणतात. लेक सई फोनवर तेच म्हणते. पुढचं तेरावं काही येत नाही.

मला तेलाचा एक थेंब द्या, मित्रांनो, मी अजून वीस वर्षं टिकेन. माणसाची काळजी एवढी सोपी नाही. निदान त्याच्याशी खोटं गोड बोलू नका.

परवा रविवारी आम्ही सावित्राबाईच्या ओटीवर गेलो. बाई वाचू लागल्या. तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला. माधवरावांनी मान हलवून नको म्हणून खुणावलं. तिने पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

“बाई, ह्ये मी चौथ्यांदा ऐकतेय. तीनदा मीबी गप ऱ्हायले. तुमी इसरायला लागलाय. माज्या समदं ध्यानात हाय. मी सांगत जाते, तुमी फुडलं ल्ह्या.”