श्रावणातली रबरी कोलंबी

अख्खा आषाढ रामनाथनं कामवारीच्या खाडीत जिवंत कोलंबी लावून गळ टाकला, पण जिताड्यानं त्याला हिंग लावूनही विचारलं नाही. श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली आणि राहीबाईनं नवऱ्याचा गळ माळ्यावर टाकला. त्याचे हात मात्र शिवशिवतच होते. त्यात लोडशेडिंगमुळे कापडाचे लूम बंद ठेवून बसलेला शेजारचा अब्दुर्रहमान दुबईहून आलेली, गळाला लावायची मऊ रबरी कोलंबी दाखवायला घेऊन आला.

"हिच्यात जीव न्हाय, म्हंजे श्रावण मोडत न्हाय," रामनाथनं बायकोला पटवलं.

"रबर खायला मासा काय येडा हाय? जावा खुशाल," ती म्हणाली.

त्या कोलंबीला फार काही करायचंच नव्हतं. गळात ओवायची, लांब फेकायची, तळाला बसू द्यायची आणि सावकाश ओढायची. रामनाथनं जांभई देत दोरी ओढली आणि चांगला हातभर जिताडा लागला.

"महिनाभर खरी कोलंबी दाखवत व्हतो, तवा कुठं मेला व्हतास?" तो माशावरच खेकसला.

मासा अर्थातच अब्दुर्रहमानकडे गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडून जिताडा तळल्याचा वास सुटला. इकडे रामनाथ ताटातल्या भेंडीकडे डोळे वटारून बसला होता. घास काही उतरेना.

राहीबाईनं रबरी कोलंबी स्वच्छ धुतली आणि त्याच्या ताटात लिंबाशेजारी ठेवली.

"घ्या तोंडी लावायला," ती म्हणाली. "हिच्यात जीव न्हाय."