आजोबांचं दार

“बाकी काय वाटेल ते कर, पण त्या दाराला तेल घालू नकोस.”

रेडिओच्या नाटकांना हातांनी पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज देणाऱ्या आवाजकाकूंनी निवृत्तीच्या दिवशी एवढी एकच सूचना मागे ठेवली होती. बाकी सगळं हातात दिलं होतं: वाळूचा ट्रे, चपलांचे सात जोड, कानतुटक्या कपांची पेटी, एकाही किल्लीने न उघडणारी तीन कुलपं. त्यांच्या जागी आलेली धाकटी तेव्हा एका कानाने काकूंचं ऐकत होती, आणि दुसरा कान फोनला लावून आईला विचारत होती, बाळ झोपलं का, कुशीवर झोपलं की पालथं. “हो काकू,” ती म्हणाली. या कानाने ऐकलं आणि त्याच कानाने सोडून दिलं, कारण दुसरा कान मोकळाच नव्हता.

आज दहा महिन्यांनी ती त्याच दारासमोर उभी होती, आणि दार गप्प होतं. उघडलं, मिटलं. हळू उघडलं, झटक्यात उघडलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं ते फिरत होतं.

“काय गं, सापडला का सूर?” काचेपलीकडून दिग्दर्शकबाईंनी विचारलं.

“बघतेय,” धाकटी म्हणाली. तिने दार पुन्हा एकदा उघडून मिटलं.

रेडिओवर ‘एक जिना, सहा दारं’ ही मालिका सकाळी पावणेआठला लागते, गेली तीस वर्षं लागतेय. ज्यांनी ती स्वतःचं दप्तर भरताना ऐकली, ते आता मुलांची दप्तरं भरताना ऐकतात. पहिल्या भागाची सुरुवात शब्दाने झालीच नव्हती, दाराने झाली होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं दार. आधी खालच्या पट्टीत करकर, मग मध्येच थांबायचं, कारण आजोबांना दम लागायचा, आणि मग उरलेली करकर वरच्या पट्टीत. ती ऐकली की जिन्याला कळायचं, आजोबा उठले. चौथ्या वर्षी एका सकाळी दार वाजलं नाही, आणि खालची शिवणकाम करणारी बाई हातातली कात्री टाकून वर धावली. त्या दिवशी आजोबा वाचले. ऐकणाऱ्यांची पत्रं पोत्याने आली होती म्हणतात. पुढे अकराव्या वर्षी आजोबा गेले, दाराला कुलूप लागलं, आणि स्टुडिओच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं ते हातभर रुंदीचं लाकडी दार पुन्हा कुणी वाजवलं नाही. काकू मात्र दर शनिवारी ते पुसायच्या.

शुक्रवारी मालिकेच्या तिसाव्या वाढदिवसाच्या भागाचं ध्वनिमुद्रण होतं. त्यात एक नवी भाडेकरीण आजोबांच्या खोलीचं कुलूप काढून दार उघडणार होती. म्हाताऱ्या लेखकांनी बजावलं होतं, “कुणी ‘आठवतंय का’ म्हणायचं नाही. फोटो नाही, हुंदका नाही. फक्त दार. बाकीचं काम ऐकणाऱ्यांचा कान करील.”

आणि त्या दाराला धाकटीने तेल घातलं होतं.

मुद्दाम नव्हे. घरी तिने एकूण एक बिजागरीला तेल घातलं होतं. बाळाची झोप कागदासारखी, जरा खुट्ट झालं की फाटायची. नवरा म्हणायचा, “आपल्या घरात चोर आला तर बिचाऱ्याला स्वतःच खोकून सांगावं लागेल.” पर्समध्ये तेलाची छोटी बाटली कायम असायची, दूधबाटलीच्या शेजारी. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात झाडू मारताना ते छोटं दार कुरकुरलं, आणि हात आपोआप पर्सकडे गेला. चार थेंब. काम झाल्यावर तिला बरं सुद्धा वाटलं होतं.

जुन्या भागांपैकी फक्त पहिल्याची टेप उरली होती, पण तिच्यातली करकर शीर्षकसंगीताखाली निम्मी बुडालेली. संग्रहातली दुसरी करकर धाकटीने लावून दाखवली.

“हे भुताच्या बंगल्याचं दार आहे,” दिग्दर्शकबाई म्हणाल्या. “आजोबा काय रक्त प्यायचे?”

तेव्हा धाकटीने खरं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शुक्रवारी सकाळपर्यंत ते दार बोललं पाहिजे. कसं, ते तू बघ. लेखकांना मी सांगत नाही, त्यांचं हृदय मला अजून चालू हवंय.”

बघायला जाण्यासारखी एकच जागा होती, आणि तिथे जायची धाकटीला लाज वाटत होती. दहा महिन्यांत दहादा ‘येते हं काकू’ ठरवून ती एकदाही गेली नव्हती. फोन केला की काकू तीनच वाक्यं बोलायच्या, “मी बरी आहे, बाळ बरं आहे ना, ठेवते मग.” मध्ये काही विचारलं तरी उत्तर तेच. कामात असतील, असं ती धरून चालली होती.

गुरुवारी पावणेआठच्या सुमाराला ती काकूंच्या दारात पोचली. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आतून शिट्टी वाजवणाऱ्या किटलीचा आवाज येत होता, थांबतच नव्हता. तिसऱ्या बेलनंतर तिच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. बाळ सलग दोन तास झोपलं तरी जिला भलतंसलतं सुचतं, तिच्या मनाला वाट दाखवावी लागत नाही. तिने दार ढकललं. नुसतं लोटलेलं होतं.

काकू खिडकीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर जुना रेडिओ, आणि उजवा तळहात त्याच्या लाकडी पाठीवर टेकवलेला. मान जरा कललेली, मन लावून ऐकणाऱ्याची असते तशी. मात्र रेडिओवर मालिका नव्हतीच. काटा दोन केंद्रांच्या मध्ये सरकला होता आणि नुसती खरखर चालली होती. मागे किटली ओरडत होती, आणि काकू ढिम्म.

धाकटी दोन पावलांवर उभी राहिली. बाळाच्या छातीवर ती स्वतः रोज असाच तळहात ठेवते. श्वास ऐकू आला तरी कानावर तिचा विश्वास बसत नाही, हाताला कळला की बसतो. तिला सगळं एकदम कळलं. तीन वाक्यांचे फोनही कळले.

तिने आधी गॅस बंद केला. मग रेडिओजवळ जाऊन काटा किंचित फिरवला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा आवाज खोलीत आला. काकूंच्या हाताला काहीतरी बदललेलं जाणवलं असावं. त्यांनी वर पाहिलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घेतला.

“कधीपासून, काकू?”

“माझ्याकडे बघून बोल. आणि तोंड फाडू नकोस, नेहमीसारखं बोल.”

“कधीपासून?”

“नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून. गुडघे दुखतात म्हणून निवृत्ती घेतली ना, ते गुडघे हे.” त्यांनी कानाला हात लावला. “इतकी वर्षं आवाज करून जगले. आता जरा शांतता मिळालीय, तर तक्रार कुणाकडे करू?”

“आणि रोज रेडिओ लावता?”

“शेजारीण विचारते, आज काय झालं भागात. काहीबाही सांगते. परवा मी शिवणवालीचं लग्न लावून दिलं. दोन दिवस बिचारी अहेराची चौकशी करत होती.”

धाकटीला हसू आलं.   तिने पर्समधून तेलाची बाटली काढली आणि नुसती टेबलावर ठेवली.

काकूंनी बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “घातलंस ना?”

तिने मान हलवली.

“मीही घातलं होतं. पहिल्याच वर्षी, चाळिसाव्या भागाला. तीन दिवस आजोबांना सर्दीने अंथरुणात झोपवून ठेवावं लागलं.” काकू खुदकन हसल्या. “म्हणून तर सांगितलं होतं तुला. भांडं निसरडं आहे हे हातातून पडल्याशिवाय कळत नाही, तेच खरं. ऐक. रॉकेलने बिजागऱ्या पूस. सुकू दे. मग राळ चोळ, सारंगीच्या गजाला लावतात ती. वरच्या बिजागरीचे स्क्रू दीड आटा ढिले कर, म्हणजे दाराचं वजन खालच्या बिजागरीवर येईल. दार बोलतं ते वजनाने.”

“आणि मधला दम?”

काकूंनी तळहात उलटा करून पाहिला. “तो सांगून यायचा नाही.”

“मग तुम्ही चला.”

“मी? वाजलं की नाही, मला कळणार कसं?”

धाकटीने त्यांचा उजवा हात धरला आणि उचलून परत रेडिओच्या पाठीवर ठेवला.

काकूंनी बटण फिरवून रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, “तिथे कुणाला बोलायचं नाही.”

“गुडघे दुखतायत म्हणून सांगते. खुर्ची देतील.”

“तू दिसतेस तेवढी साधी नाहीस,” काकू म्हणाल्या आणि चप्पल शोधायला उठल्या.

दोघी त्या दिवशी दुपारभर दारापाशी बसल्या. रॉकेलचा वास बोटांना लागला. चौथ्या खेपेला दार पुटपुटलं, सातव्या खेपेला बोललं. दर वेळी काकू डोळ्यांनी विचारायच्या आणि धाकटी बोटं वर करून सांगायची, जास्त, कमी, अजून जरा.

शुक्रवारी खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. लेखक काठी घेऊन आले होते. दिग्दर्शकबाई काकूंशी पाठमोऱ्या बोलायला लागल्या की धाकटी हळूच मध्ये येऊन तेच वाक्य काकूंसमोर पुन्हा म्हणायची, आपलंच असल्यासारखं. कुणाच्या लक्षात आलं नाही. लाल दिवा लागला. नव्या भाडेकरणीचं काम करणाऱ्या मुलीने जिना चढतानाचे शेवटचे चार शब्द म्हटले. धाकटीने कुलूप काढलं, कडी सरकवली आणि काकूंकडे बोट केलं.

काकूंनी डावा तळहात दाराच्या पाठीवर सपाट टेकवला आणि उजव्या हाताने ते ओढलं. खालच्या पट्टीत करकर. मग दार थांबलं. त्या थांबण्यात एक म्हातारा माणूस श्वास घेऊन गेला. आणि मग उरलेली करकर, वरच्या पट्टीत.

 लेखकांनी काठीच्या मुठीवर कपाळ टेकवलं. काकूंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्या तळहात दारावर तसाच ठेवून धाकटीकडे बघत होत्या, वाजलं का, विचारत.

धाकटीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि एकदा दाबला.

भागाच्या शेवटचं निवेदन अजून मुद्रित व्हायचं होतं, मालिकेच्या तीस वर्षांचं कौतुक आणि सगळ्यांचे आभार. धाकटीने लाल दिवा विझताच कागद मागून घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला बसली. दिग्दर्शकबाईंनी वाचलं, चष्मा काढला, या खेपेला पुसला नाही. निवेदकाकडे कागद सरकवत म्हणाल्या, “हेच वाच. आणि सावकाश.”

“आजोबांचं दार वाजायचं, म्हणून जिन्याला कळायचं की आजोबा उठले. तुमच्या ओळखीचं एखादं दार असेल, जे बरेच दिवस तुम्ही ऐकलेलं नाही. ‘मी बरी आहे’ म्हणून फोन पटकन ठेवणारं कुणी असेल. रेडिओ बंद करा आणि आज जाऊन बघून या. बेल वाजवा. उत्तर आलं नाही तर लगेच मागे फिरू नका. दारावर तळहाताने थापा मारा, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त थांबा.”