सहा टिंबं

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. माझ्याच वर्गातल्या मुलीचं पत्र, वहीच्या फाडलेल्या पानावर. 'सर, टेबलं मोजायची होती. दीड टेबल कुठे असतं? मग टिंबं का जोडायची? माझं चुकलं असेल तर कुठे ते सांगा. बरोबर असेल तर मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून द्या. शुक्रवारी पुढच्या वर्गात जाणाऱ्यांची यादी लागणार आहे.'

परीक्षेतला तो प्रश्न मीच काढला होता. एका टेबलाला चार खुर्च्या. टेबलांवरून खुर्च्या सांगणारं फलन सारणीत मांडा, सूत्र लिहा, आलेख काढा. तिने सारणी मांडली, सूत्र लिहिलं आणि आलेखात सहा टिंबं देऊन थांबली. बाकी सगळ्यांनी रेघ ओढली होती, कारण मी तसंच शिकवायचो. फळ्यावर टिंबं पडली की माझा हात आपसूक पट्टीकडे जायचा. मी लाल शाईने 'अपूर्ण' लिहिलं आणि तीन गुण कापले.

पत्र आलं त्या संध्याकाळी पुस्तक उघडून पाहिलं. तिचं बरोबर होतं. बाकी एकोणचाळीस जणांना मी चुकीबद्दल पूर्ण गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेलो.

"कोण आहे?"

"काही नाही सर. सहजच."

शुक्रवारी यादी लागली. ती दोन गुणांनी राहिली.

याला तीस वर्षं झाली. परवा बायकोने नवी पँट आखूड करून आणायला कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात पिटाळलं. मशीनवर तीच बसलेली. केस पिकलेले. मी ओळख दाखवली नाही. तिनेच हाक मारली.

"सर! या, बसा. किती वाळलात हो."

"इथे... कधीपासून?"

"शाळा सुटली तेव्हापासून. यादीत नाव नाही म्हटल्यावर बाबा म्हणाले, पुरे झालं." तिने टेप घोट्यापर्यंत सोडली. "गणित इथेही लागतंच की. फक्त दीड बाहीचा सदरा कुणी मागत नाही."

ती हसली. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला किळस आली.

"तुझं ते पत्र..."

"कुठलं पत्र, सर?" तिने टेपवरून नजर उचलली नाही. "पँट उद्या न्या."

घरी येऊन लिहायला बसलो. तीन वाक्यं. 'तुझं बरोबर होतं. टिंबं जोडायची नव्हती. हे मला यादी लागण्याआधी कळलं होतं.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "शेवटचं कशाला लिहिलंत? नकळत झालं असं तरी वाटलं असतं तिला."

"म्हणूनच."

"मग जाऊन सांगा ना तोंडाने. चार पावलांवर तर आहे."

"पँट आणायला उद्या तू जाशील का?"

"धन्य आहे तुमची," ती म्हणाली.

पाकिटावर दुकानाचा पत्ता घातला. मग दुकानावरून जावं लागू नये म्हणून मागच्या गल्लीने, लांबच्या टपालपेटीपर्यंत गेलो आणि पाकीट आत सोडलं.