बोर्डावरचं नाव

शिरूरहून निमोणे सोडून पुढे गेलं की माळावर एक विज्ञान महाविद्यालय लागतं. इमारत दुमजली आणि चांगली आहे. प्रयोगशाळेतल्या नळाला पाणी येतं, ही आपल्याकडे मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट. शिकवणारेही मन लावून शिकवतात. तरी गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला तेवीसच पोरं आली आणि संस्थेने ठरवून टाकलं, यंदा चाळीस झाली नाहीत तर वर्ग बंद.

वर्ग बंद म्हणजे साधना गावडेची नोकरी बंद. ती संख्याशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तर मॅडम, नसेल तर घरी बसा. नवरा रांजणगावला कंपनीत, त्याच्या पाळ्या सांभाळत तिने सात वर्षं हे तास धरून ठेवले होते. घर नवऱ्याच्या पगारावरही चाललं असतं, पण फळ्यासमोर उभं राहिल्यावर तिला जे वाटायचं ते घरात कुठेच वाटत नव्हतं. ते जाईल या भीतीने ती मे महिनाभर नीट झोपली नव्हती.

मे महिन्यात आमच्या भागातली प्राध्यापक मंडळी काय करतात, हे पुण्यातल्या लोकांना सांगून पटायचं नाही. ती बारावी झालेल्या पोरांची यादी घेऊन दारोदार फिरतात. गावं वाटून घ्यायची, पत्रकं वाटायची, ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि मतं मागायला आलेल्या उमेदवारासारखं हसायचं. साधनाच्या वाट्याला भीमेच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून अकरा गावं आली होती. फिरताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रयोगशाळेचे फोटो पाहून पोरी खूश व्हायच्या, एसटीची वेळ विचारायच्या, आणि फॉर्मवर कॉलेजचं नाव लिहायची वेळ आली की त्यांचं पेन थांबायचं. तिथेच घोडं पेंड खायचं.

कॉलेजचं नाव होतं श्रीमती नकुशीबाई ठोंबरे विज्ञान महाविद्यालय.

पोरीवर पोरी होत गेल्या की शेवटच्या पोरीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी जुनी समजूत. ते नाव आता कॉलेजच्या बोर्डावर हातभर अक्षरांत होतं. पोरांनी ते आखडून ‘एन. टी.’ केलं, तर ते एका प्रवर्गापुरतंच कॉलेज आहे असा समज पसरला. आणि ज्यांना पूर्ण नाव माहीत होतं ते म्हणायचे, कुठंच नंबर न लागलेल्यांचं कॉलेज ते.

साधना पडली संख्याशास्त्राची. तिने नुसता अंदाज करत बसण्यापेक्षा सहा नावांच्या सहा चिठ्ठ्या केल्या, आणि जिथे जाईल तिथे त्या मांडून विचारू लागली, यातल्या कुठल्या कॉलेजात जावंसं वाटतं? निघाली होती नोकरी वाचवायला, पण चारच दिवसांत तिला या खेळाचा नाद लागला.

संस्थेचे अध्यक्ष बाळासो यांना ‘रॉयल इंटरनॅशनल’ हे नाव फार आवडलेलं. ते नाव वाचून निमोण्यातल्या बापांनी पहिला प्रश्न फीचा केला, आणि कंपनीच्या बसची वाट बघणारा एक कामगार म्हणाला, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. एका लोकनेत्याच्या नावाची चिठ्ठी होती, तिला पोरं हात लावत नव्हती. तिथं अभ्यासापेक्षा झेंडेच जास्त धरावे लागतील, असं त्यांचं म्हणणं. ‘ज्ञानज्योत’ म्हटलं की लोकांना वरच्या मजल्यावरची शिकवणी आठवायची. गावाचं नाव दिलं तर शेजारचं गाव नाक मुरडायचं, मग त्यांच्यात सोयरिकी का असेनात. पाबळच्या एका मुलीने चिठ्ठ्यांकडे पाहिलंही नाही. यंत्रांना हात लावू देतात का, एवढंच तिने विचारलं. साधनाला ती मुलगी फार आवडली, पण ती कोणत्या रकान्यात मांडायची हे तिला कळेना.

सगळ्यांत जास्त पसंती ‘भीमाकाठ’ या साध्यासुध्या नावाला मिळत होती. आणि एक गोष्ट तिने वहीत वेगळी लिहून ठेवली. बाईचं नाव असलेलं कॉलेज पोरींना सुरक्षित, असं आयांना वाटायचं. सहावी चिठ्ठी होती आताच्याच नावाची. बाईचं नाव म्हणून त्या ती हौसेने उचलायच्या, आणि चाळिशीच्या पुढच्या बायका वाचून झाल्यावर ती पालथी ठेवायच्या.

बाळासोंनी वही पाहिली आणि नाव बदलायचं पक्कं केलं. अडचण एकच होती. जमीन देताना झालेल्या करारात लिहिलं होतं की देणाऱ्या बाईच्या सहीशिवाय नाव बदलता येणार नाही. ही बाई म्हणजे बोर्डावरची नकुशीबाई, बाळासोंची थोरली बहीण. तिच्याच पाठीवर बाळासो जन्मले होते. तालुक्याच्या सभेत टेबलावर हात आपटणारा हा माणूस बहिणीपुढे मूग गिळून बसायचा. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला साधनाला धाडण्यात आलं. वर्ग वाचला तर पुढच्या वर्षीचे तास पक्के, असंही जाता जाता सांगितलं.

म्हातारी कॉलेजच्या मागेच पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, मूलबाळ नाही. बाळासो तिला आक्का म्हणत, म्हणून सगळं कॉलेज, सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. साधनाने भीत भीत कागद पुढे केला. आक्का रागावली नाही. उलट तिला फार कुतूहल वाटलं. कुठल्या गावात कोण काय म्हणालं, सगळं तिने खोदून खोदून विचारलं, चिठ्ठ्या वाचून घेतल्या, रॉयलचा अर्थ विचारला आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, सही करणार न्हाई.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या आधी चार बहिणी, ती पाचवी. नाव नकुशी ठेवलं आणि पाठीवर बाळासो झाला. म्हणजे नाव लागू पडलं. त्या काळी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या वाड्यात, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडांत, तिचा पायगुण मानायचे, पहिला घास तिला द्यायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासू म्हणाली, हिच्या नावाने भाऊ आणलाय, आपल्याही घरात पोरगं आणील, तेच राहू द्या. तेच राहिलं. पोरगं काही आलं नाही, पण त्याला नाव काय करणार, असं आक्का म्हणाली.

“आन् तू चिठ्ठ्यांवरनं ठरावलंस व्हय गं? चिठ्ठी काय बोलती? मी येते तुझ्यासंगं. मला बघून कोण नको म्हणतंय ते बघू.”

दुसऱ्या दिवशी साधनाच्या स्कूटीवर मागे एका अंगाला पाय सोडून आक्का बसली. नऊवारीचा काष्टा पक्का, एक हात साधनाच्या खांद्यावर. भीमेचा पूल ओलांडून दोघी दौंड तालुक्यात शिरल्या. साधनाला मनातून बरं वाटत होतं आणि धाकधूकही होती. एखादी पोरगी आक्काच्या तोंडावर हसली तर काय करायचं, याचा विचार करतच ती उसातल्या वाटेने गाडी चालवत होती.

पहिल्या दोन घरांत कुणी हसलं नाही. आक्काला पाहून लोकांनी पाया पडून घेतलं आणि विचार करून सांगतो म्हणाले. या उत्तराचा अर्थ साधनाला ठाऊक होता. आक्काला नव्हता, ती खुशीत होती.

तिसरं घर भाजीपाल्याच्या मळ्यातलं. सविता नावाची पंचेचाळिशीची बाई अंगणात गवार निवडत बसलेली, आणि तिची मुलगी अक्षदा क्रेट भरत होती. अक्षदाला बारावीला शास्त्र शाखेत एक्क्याहत्तर टक्के. तिने फोटो पाहिले, रसायनशास्त्राच्या मॅडम कोण ते विचारलं, आणि चालेल की मला म्हणाली. साधनाने फॉर्म काढला. सविताने त्यावरचं नाव वाचलं, गवारीची मूठ खाली ठेवली आणि नको म्हणाली.

साधनाने एसटी, फी, स्कॉलरशिप सगळं पुन्हा सांगितलं. सविताने ऐकून घेतलं आणि पुन्हा नको म्हणाली. तेव्हा आक्का पुढे सरकून बसली.

“नावामुळं नको म्हणतीस ना? मीच ती नकुशी. माझ्यात काय वंगाळ हाय, सांग.”

सविताने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

“मी बी नकुशीच हाय, आजी,” ती म्हणाली. “माहेरचं नाव माझं. ह्या पोरीलाबी आजवर ठावं न्हाई.”

अक्षदाच्या हातातला क्रेट हातातच राहिला. घरच्या कागदांवर, रेशनकार्डावर, बँकेत आई सविताच होती. मामाकडे तिला सगळे ताई म्हणत. अठरा वर्षांत हे नाव मुलीच्या कानावर आलं नव्हतं, याचा अर्थ ते येऊ नये म्हणून आईने किती काळजी घेतली असेल. साधनाला आपल्या वहीतला तो वेगळा लिहिलेला मुद्दा आठवला आणि लाज वाटली.

सविता रडली वगैरे नाही. ती गवार निवडता निवडता सांगत राहिली. शाळेत हजेरीला नाव पुकारलं की पोरं हसायची, म्हणून ती हजर म्हणायचीच नाही. चौथीच्या बाईंनी ते ओळखलं आणि नाव न घेता नुसती तिच्याकडे पाहून हजेरी लावली, वर्षभर. त्या बाईंचं नाव सविता. लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नणंदेला गाठलं आणि तिच्या हाती नवऱ्याला निरोप धाडला, तांदळात सविता लिहा. त्याने लिहिलं.

“एवढ्या खटपटीनं मी ते नाव पुसलं. आता पोरगी पदवी घेऊन येणार, ती मी भिंतीला लावणार, आन् त्याच्यावर परत तेच वाचू का?”

साधनाला वाटलं, आता आक्का पायगुणाची गोष्ट सांगेल. पण आक्काला भलतंच काही विचारायचं होतं.

“तू निरोप धाडलास? तुझा तू?”

“व्हय.”

“आन् कुणी रागावलं न्हाई?”

“सासूबाई दोन दिवस फुगल्या. मग झाल्या गप.”

आक्का पदराने मान पुसत राहिली. मग जमिनीकडे पाहत म्हणाली, “माझ्याम्होरंबी तांदूळ पसरले व्हते. मी गप बसले. आपलं आपल्याला सांगता येतंय हे ठावंच न्हवतं गं.”

अक्षदाने आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि आधी आईला दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आक्काने साधनाकडे कागद मागितला. नव्या नावाची जागा कोरीच होती, कारण बाळासोंचं रॉयल आणि बाकीच्यांचं भीमाकाठ यांचं अजून जुळलं नव्हतं. आक्काने ती दोन्ही नावं पुन्हा म्हणून घेतली. नदीचंच बरं, नदी कुणाची बहीण न्हाई की बायको न्हाई, असं म्हणून तिने साधनाला ते तिथल्या तिथे भरायला लावलं. बाळासोंना काय वाटेल, हे तिने विचारलंसुद्धा नाही. पालथ्या क्रेटवर कागद ठेवून तिने सही केली. तिला एवढीच अक्षरं येत होती. जमीन देताना रजिस्टर कचेरीत जायचं म्हणून ती शिकलेली, न-कु-शी, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. काढून झाल्यावर तिने ते जरा लांब धरून पाहिलं आणि कागद साधनाला दिला.

अक्षदाने फॉर्म भरला. ती एकोणतिसावी. चाळीस होतील की नाही हे जूनमध्ये कळणार होतं, आणि सकाळपर्यंत ज्या आकड्याने साधनाचा जीव टांगणीला लागला होता तो परतीच्या वाटेवर तिला आठवलाही नाही. आपण आक्काकडून काढून घेऊ नये ते काढून घेतलं, असं साधनाला सारखं वाटत होतं.

पुलावर आक्काने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडी थांबव म्हणाली. ऊन उतरलं होतं. आक्का कठड्याला धरून उभी राहिली. नदीत पाणी थोडंच होतं.

“सुवर्णा कसं वाटतंय?”

साधनाला आधी कळलंच नाही. मग कळलं. चांगलं वाटतंय, म्हणाली.

“मला शोभंल?”

“शोभेल, आक्का.”

“मग मार की हाक. आक्का नको म्हणू. जन्मभर आक्काच ऐकलंय, नाव कुणी घेतलंच न्हाई. नुसतं नाव घे.”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे साधनाची जीभ रेटेना. शेवटी कसंबसं म्हणाली, “सुवर्णा.”

आक्का नदीकडेच पाहत राहिली. तिने मानही वळवली नाही. साधनाला वाटलं, आवडलं नसावं.

“परत मार,” आक्का म्हणाली. “कुणाला मारलीस तेच ध्यानात आलं न्हाई.”

या वेळी साधनाने रानातल्या माणसाला बांधावरून मारतात तशी मोठ्याने हाक मारली.

“ओ,” आक्का म्हणाली.